बुरुजाची समुद्राकडची बाजू

बेटावर येणारे पाहुणे होडीतून उतरतात ते बुरुजाकडे मान वर करूनच. बुरुजावर जुनी तोफ, खाली पडका तट आणि तटाला टेकून चहाचं दुकान. अर्ध्या तासात बेट बघून होतं, मग फोटो काढत बसतात.

हा बुरूज दरवर्षी पांढरा करायचं काम चुनेवाल्या मावशींचं. आधी त्यांच्या सासूबाई करायच्या. बुरूज पांढरा का, हे कुणी कधी विचारलं नाही.

पाहुणे मात्र म्हणू लागले, की आतला काळा दगड दिसला असता तर काय बहार आली असती. गावाचा प्रमुख म्हणजे मावशींचा दीर, आणि चहाचं दुकानही त्याचंच, त्यामुळे हे त्याच्या मनात पक्कं बसलं. चुना खरवडायचा, असं बैठकीत ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. मावशींनीही केला, कारण गुडघे कुरकुरत होते आणि एक कटकट सुटणार होती. गंमत म्हणजे हात वर करणाऱ्यांत निम्मे होडीवाले होते.

खडकांच्या मधून होडी आत आणायची, तर पांढरा बुरूज तटाच्या खिंडाराच्या बरोबर वर दिसत राहील अशी होडी धरून यायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की बैठकीत एकालाही आठवलं नाही. मग एका दुपारी धुरकट हवा पडली आणि काळा बुरूज मागच्या काळ्या डोंगरात गडप झाला. मावशींची लेक मासेमारीची होडी चालवते. ती कशीबशी पाणी उपसत किनाऱ्याला लागली. खडकावर आपटून होडीची एक फळी फुटली होती.  मावशींनी फुटक्या फळीवरून हात फिरवला.

त्या तडक दिराच्या दुकानात गेल्या.

"भावोजी, बुरूज पांढरा करायचाय."

"वहिनी, आत्ताच तर खरवडला. बुरुजावरच्या दिव्यासाठी अर्ज दिलाय, येईल दिवा."

"अर्ज बघून होडी आत येते का?"

"पुढच्या बैठकीत बघू."

"तोवर पोरीनं काय घरी बसायचं? मी समुद्राकडची बाजू तेवढी करते. तिकडे तुमचं एक गिऱ्हाईक फिरकत नाही."

"तिथे पाय ठेवायला जागा नाही. गुडघे बघा तुमचे."

"गुडघे माझे आहेत. मी बघीन त्यांचं काय ते."

त्या बाजूला दोरावर फळी सोडावी लागते आणि दोर धरायला वर माणूस लागतो. यंदा कुणी पुढे येईना. प्रमुखाशी वाकडं कोण घेणार? दुरुस्त होडी घेऊन लेक पहाटेच समुद्रावर गेली, तेव्हा मावशींनी पदर खोचला. चुना भिजलेला होताच. त्यांनी दोर तोफेला बांधला आणि बादली घेऊन फळीवर बसल्या. घाई करणं भाग होतं. ओला चुना पाण्यासारखा दिसतो, वाळेल तेव्हाच पांढरा होतो, आणि दुपारी हवा धुरकटली की वाळणार कसा?

वर फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांनी खाली डोकावलं, तर एक म्हातारी अधांतरी लटकून कुंचा फिरवतेय. बोभाटा दुकानापर्यंत पोहोचला. दीर धापा टाकत वर आला तो वहिनीला चार शब्द सुनावायचे म्हणूनच. पण दोर दगडाच्या कडेवर घासताना दिसला. त्याने दोराखाली अंगातला सदरा घातला, तोफेला पाय टेकवले आणि दोन्ही हातांनी दोर धरला.

"सावकाश, वहिनी," एवढंच तो म्हणाला.

"सावकाश करायला वेळ कुठाय? खाली सोडा."

दुपारी डोंगर दिसेनासा झाला. मावशी धक्क्यावर उभ्या राहिल्या. जीव टांगणीला लागला होता, पण त्या तिथून हलल्या नाहीत. शेजारी दीर, उघड्या अंगाने, खांद्यावर दोर घेऊन. बऱ्याच वेळाने धुरक्यातून होडीचं नाक निघालं, ते खडकांच्या मधोमध, सरळ.

लेकीने होडी बांधली. आईच्या चुन्याने माखलेल्या हातांकडे बघितलं, मग काकाच्या उघड्या अंगाकडे.

"आई, खाली डावीकडे एक पट्टा राहिलाय. पार बाहेरून दिसला मला."

मावशींनी बादली उचलली. दिराने एकदा बुरुजाकडे बघितलं, खांद्यावरचा दोर नीट केला आणि त्यांच्या पुढे चालू लागला.