थंडीतला पंखा

ऐन थंडीत कुणीतरी आमच्या समुपदेशनाच्या खोलीतला पंखा चालू ठेवून गेलं होतं. वैतागून बंद करायला उठले, आणि बटणावर हात गेला तशी सुमन आठवली.

तिच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे, तिला नाही. तो निरोध वापरत नाही, म्हणून मी तिला बायकांनी वापरायचा कंडोम दिला होता. पुढच्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, ह्यांची ना नाही. पण त्याचा आवाज होतो. पडद्यापलीकडे सासूबाई झोपतात."

इतकी वर्षं बोलून घसा बसला, पण या आवाजावर मला उत्तर सापडलेलं नाही. लाजेवर बोलता येतं, नवऱ्याच्या हट्टावरही. दहा बाय दहाच्या खोलीवर काय बोलणार, कपाळ?

शेवटी तीच पंखा लावू लागली. सासूबाई गारठ्याने कुरकुरायच्या.

परवा ती तपासणीला आली. रिपोर्ट निगेटिव्ह होता. मी विचारलं, "सासूबाई अजून कुरकुरतात का गं?"

"नाही ताई. आता अंथरुणं घातली की पंखा त्याच लावतात, आणि डोक्यावरून गोधडी ओढून घेतात."

मी बटणावरचा हात काढला आणि शाल घट्ट लपेटून खुर्चीत बसले.