धुराचं कपाट

कोणतीही वस्तू हातात आली की तो आधी ती नाकाशी न्यायचा. फळी असो, नोट असो, चहाचा ग्लास असो. डोळे अर्धे मिटून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "बघू तं खरं." तुमच्याही गल्लीत असा एखादा हुंग्या असेल. आमच्या भिवंडीतल्या या हुंग्यानं माझ्या लाकडाला भर वखारीत, गिऱ्हाइकांच्या देखत कडू म्हटलं होतं. ते मी आजही विसरलेलो नाही.

तो यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम जागेवर आणणारा. मी हातगाडीवर जळण विकता विकता जुन्या लाकडाची वखार उभी केलेला माणूस. मला तो 'शेठ' म्हणायचा, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी त्यानं आईला खारबावच्या बाजूच्या गावातून आपल्या खोलीवर आणलं. खोलीत गॅस होता. म्हातारीनं जेवण जवळजवळ टाकलं. "अन्नाला वासच न्हाय," म्हणायची, "मला गावाला नेऊन घाल." गावचं घर पडलेलं, नेणार कुठं? गावी बोकड पडला की वाट्याचं मटण मीठ-हळद लावून ती तारेला टांगायची. चुलीच्या धुरात ते सुकायचं आणि पावसाळाभर पुरायचं. तेवढंच मागत होती. म्हणून यानं ठरवलं, चूल नाही तर नाही, धुरासाठी लाकडी कपाट करू. खाली निखारे, वर तारा, मध्ये मटण.

फळ्या माझ्याकडून नेल्या. मशिनच्या खोक्यांचं देवदार, स्वच्छ माल. भावात मला रडवलं ते वेगळंच. आठवड्यानं परत आला तो तणतणत.

"शेठ, तुझं लाकूड कडू हाय. आयेनं घास थुंकला."

"कपाटात मटण टांगायला सांगितलं कुणी? लोक कपडे ठेवतात."

गिऱ्हाइकं हसली, पण त्यातलं एक फळी न घेताच गेलं. मी जॉबरला हाकलून दिलं.

दुसरं कपाट त्यानं माझ्या नाकावर टिच्चून केलं. कारखान्यात मोडीत निघालेल्या जुन्या मागांचं सागवान फुकट मिळालं. लाकूड एक नंबर, सांधे असे की केस जाऊ नये. महिनाभरानं स्वारी वखारीच्या दाराशी उभी. आत येईना.

"शेठ, जरा तुझं नाक दे."

"माझं?"

"आये म्हणते, मटणाला मशीनचा वास येतो. मला तं काय येत न्हाय."

म्हटलं, आधी कडू म्हणालास ते मागे घे. तो म्हणाला, "लाकूड कडूच व्हतं. पण नाक तुझं चांगलं हाय."

खरं तर मी पाठ फिरवायला हवी होती. पण हे कपाट दिसतं तरी कसं, हे पाहायची खाज मलाही सुटली होती. गेलो. दार उघडलं मात्र, लूमच्या तेलाचा भपकारा आला. त्या लाकडानं वर्षानुवर्षं तेल प्यायलं होतं. आणि जगाचा वास घेणाऱ्या या माणसाला तेवढा एकच वास येत नव्हता, कारण त्याचा जन्म त्या तेलात गेला होता. मी सांगितलं तेव्हा त्यानं स्वतःच्या शर्टाची बाही नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग हसला.

म्हातारी कोपऱ्यात बसून आमची गंमत पाहत होती. मी विचारलं, "आजी, तार चुलीच्या वर किती उंच असायची?"

"चुलीवर कुठं रं? चुलीवर टांगलं तं शिजंल. तार पार तिकडं, कोपऱ्यात. थंड धूर लागतो."

जॉबरनं कपाळावर हात मारला. "आये, आधी न्हाय सांगायचं?"

"तू इचारलंस कुठं? तू तं आपला सुतारकाम करत व्हतास."

तिसऱ्या कपाटाला आतून आंब्याच्या फळ्या लागल्या. त्या माझ्याच वखारीतल्या, आणि भावासाठी आम्ही दोघं दुपारभर घसा बसेपर्यंत भांडलो. या वेळी शेगडी बाहेर ठेवली. धूर पत्र्याच्या लांब नळीतून फिरत, निवत आत यायचा. मी रोज दुकान बंद करून तिथं. माझं काय अडलं होतं, विचारू नका.

म्हातारीनं पहिला तुकडा तोंडात घेतला तेव्हा आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. तिनं तो हिरड्यांनी बराच वेळ घोळवला. मग म्हणाली, "मीठ जास्ती झालंय," आणि ताटात भात वाढून मागितला.

"मिठाला नाव ठेवलं," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "धुराला न्हाय." त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही. पुढची कितीतरी वर्षं त्याच खोलीत, त्याच कपाटाशेजारी बसून जगली.

माझ्या लाकडाबद्दल मात्र त्यानं शब्द मागे घेतला नाही. मी काढायचो विषय. तो म्हणायचा, "सोड ना शेठ."

आई गेली, मग मागही एकेक करून थांबले, मग तोही गेला. खोली रिकामी करताना त्याच्या मुलीनं मला बोलावलं. "काका, हे तुमच्याकडे पोचवा म्हणाले होते बाबा." कपाट टेम्पोत चढवताना मागची बाजू उजेडात आली. आतून आंबा, पण मागून, भिंतीकडच्या बाजूला, दुसरी कातडी असावी तसं देवदार. फळ्यांवर माझ्या वखारीची गेरूची खूण. थुंकलेल्या घासाचं तेच लाकूड. धूर लागणार नाही अशा जागी त्यानं ते बसवलं होतं. मला बोलला नाही.

फळी नाकाशी धरली. कडू होती का? सांगता येत नाही. धूर भरला होता नाकात.

परवा त्या कपाटात मी मटण टांगलं. बायकोनं तुकडा चाखला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

मी ताटावरून उठून दाराशी गेलो, त्याला हाक मारायला.