पेटीत कोंबलेली मावशी

उन्हापावसात उघड्या चौथऱ्यावर उभ्या राहणाऱ्या शनिरायाला आधी दंडवत घालतो आणि मगच जीभ मोकळी सोडतो. कारण जे सांगणार आहे, ते त्याच्याच दारात… छे, दार कुठले? आमच्या शिंगणापुरात घरांना दारच नाही! त्याच्या अंगणात घडले, असे म्हणू.

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? जन्मभर कीर्तनात लोकांना 'मनातला संशय टाका' म्हणून बजावले, आणि स्वतः संशयाचे केवढे गाठोडे डोक्यावर घेऊन नगरच्या थेटरापर्यंत गेलो!

सत्तर सालाच्या थोडी पुढची गोष्ट. आमच्या घरामागची खोली मी दामू नावाच्या एका गृहस्थाला भाड्याने दिली. बोलायला गोड, मिशी सफाचट, भुवया मात्र कोरल्यासारख्या. मी विचारले, "काम काय करता?"

"कंपनीत हाय, बुवा."

"कंपनीत कशावर?"

"समद्यांच्या म्होरं उभा ऱ्हातो. एकेकाला बोलावतो, काम झालं की आत धाडतो."

नगरजवळ नागापूरला तेव्हा नवे कारखाने निघत होते. मी मनाशी म्हटले, मुकादम असणार!

पण या मुकादमाने आल्या आल्या खोलीला जाड पडदा लावला आणि आपल्या पत्र्याच्या पेटीला चक्क कुलूप घातले. कुलूप! ज्या गावात सोन्याची पाटली फळीवर ठेवून माणसे शेतावर जातात, त्या गावात कुलूप? कुलपाच्या आत पापच असणार, असे आम्हाला जन्मापासून वाटते.

मग एके सकाळी मी पूजेला बसलो असता पडद्याआडून बाईचा आवाज आला. आणि कसा? ठसकेबाज! "मुडद्या, टकामका बगतोस काय? तुझ्या आयला बोलावू का?"

तुळशीपत्र माझ्या हातातच राहिले.

त्याच दिवशी बाबू नावाचा टेम्पोवाला आला आणि अंगणातूनच ओरडला, "मावशी हाय का घरात?"

आतून तोच आवाज. "हाय की रं मेल्या! ये!"

म्हणजे आत मावशी होती! मग आम्हाला का सांगितले नाही? आमचे कुटुंब भोळे. तिने दामूला सरळ सांगितले, "दामूभाऊ, तुमच्या मावशींना हळदीकुंकवाला पाठवा हो."

दामूचा चेहरा उतरला. "वैनी, मावशी दिवसा भायेर येत न्हाई."

"का बरं?"

"लोक जमत्यात."

ऐकलेत? लोक जमतात! त्या दिवसापासून माझ्या जपाची दशा काय सांगावी? एक मणी देवाचा, एक मणी मावशीचा.

पुढे तो आवाज एकाएकी बंद पडला. अगदी चिडीचूप! आणि एका सकाळी पाहतो तो काय, दामू मोरीवर एकटाच एक भले थोरले लुगडे घासत बसलेला, आणि लाल पाणी वाहत वाहत माझ्या तुळशीच्या आळ्यापर्यंत आलेले. लाल!

दुपारी बाबूचा टेम्पो आला. मी तुळशीला पाणी घालत होतो. तांब्या रिकामा होता, ही गोष्ट वेगळी.

"मावशी भरली का पेटीत?" बाबूने विचारले.

"भरली. केस भायेर येत हुतं, दाबून कोंबलं."

"मागच्या जत्रंत मावशी पार मेली, दामू. आता नगरात तरी…"

"हळू बोल! बुवा ऐकत्याल."

बुवांनी ऐकले होते!

उपरणे सावरून मी टेम्पोपुढे आडवा उभा राहिलो. "खबरदार! ही पेटी या गावातून हलणार नाही!"

"बुवा, पाया पडतो," दामू काकुळतीला आला. "चारच्या आत नगरच्या थेटरावर पोचायचंय. ठेकेदार नवी पार्टी काढतोय. उशीर झाला तर सालभराचं काम जातंय माझं!"

"आणि जी जिवानिशी गेली, तिचे काय?"

"कोन गेली?"

"मावशी!"

दामूचा जबडा खाली आला. बाबू टेम्पोच्या पायरीवर मटकन बसला. माझा आवाज कीर्तनात कमावलेला. देवाला तेल घालायला आलेले भाविक ओलेत्यानेच धावत आले. "उघडा पेटी!" असा एकच गलका झाला.

दामूने कुलूप काढले. झाकण वर झाले आणि काळ्याभोर केसांचा झुबका बाहेर लोंबला! मी डोळे गच्च मिटले आणि नामस्मरण सुरू केले. आमचे कुटुंब मात्र पेटीत वाकले.

"अहो, यात बाई नाही."

"तुकडे असतील! पाहू नकोस!"

"तुकडे नाहीत, चोळी आहे. आणि चोळीत शिवलेले कापसाचे गोळे."

आणि तोच ठसकेबाज आवाज आला, दामूच्या तोंडून. "बुवा, मीच ती मावशी. तमाशातली. जत्रंत लोक हसलं न्हाईत, म्हनून मेली म्हनायचं. आज मातुर खरीच मारलीत तुमी."

"हे आधी का नाही सांगितलेत?"

"सांगितलं असतं, तर खोली दिली असती?"

मी उपरणे सारखे करू लागलो. कुटुंबाने माझ्याकडे असे पाहिले की, उपरणेही पुरेना. "आता टेम्पोत बसा," ती म्हणाली, "आणि त्या ठेकेदाराला उशिराचं कारण तुम्हीच सांगा."

आणि अशा रीतीने हरिभक्त कीर्तनकार मावशीच्या पेटीवर बसून नगरला निघाले!

वाटेत दामू बोलत होता. "पोरगा हुतो तवा गवळनीत राधेच्या मागं नाचायचो. गाल राठ झालं, तशी मावशी केली. लुगड्याचा लाल रंग धुतला की जातोय, गळा सांभाळाया दोन-दोन दिस गप ऱ्हावं लागतंय. आता लोकांस्नी क्याबरे पायजे. इंग्रजी बाजा, पोरींचा नाच, अन् दोन नाचांच्या मधी लुगडं नेसून बोलनारी मावशी. तेवढं मला जमतंय, बुवा. दुसरं कायबी जमत न्हाई."

भारुड रंगवताना मीही डोक्यावर पदर घेऊन सासुरवाशीण झालो आहे. माझी पेटी कोणी उघडली नाही, एवढेच!

थेटरात पोचलो, तेव्हा ठेकेदार पायात वहाणा घालत होता. "येळ टळली. निघा!"

मी पुढे होऊन हात जोडले. "महाराज, विलंबाचा दोष या गृहस्थाचा नाही. यांनी मावशीचा वध करून तिचा देह पेटीत भरला आहे, अशी मला शंका आली."

ठेकेदार एका वहाणेवर थांबला. दामूने ती संधी साधली. पेटीतले लुगडे खेचून पदर डोक्यावर घेतला आणि कमरेवर हात ठेवला. "अवं बुवा, माझं लगीन लावलं तवा कुठं हुता? तवा वाचवायचं सोडून आत्ता आलाय व्हय?"

"मी गांभीर्याने बोलतो आहे!"

"मी बी गांभीर्यानंच मेले हुते! तुमीच उठवलं!"

"मी स्वतः लाल पाणी पाहिले, महाराज!"

"ते माझं रूप गेलं वाहून! आता मला कोन करील? तुमी?"

ढोलकीवाला ढोलकीवर आडवा झाला. ठेकेदाराच्या तोंडातले पान सदऱ्यावर सांडले. मी जितके संतापावे, तितके त्यांनी लोळावे! अखेर डोळे पुसत ठेकेदार म्हणाला, "मावशी, तू पक्की! सालभर!"

दामू त्याच्या पाया पडला, मग माझ्या. मी आशीर्वाद दिला. म्हटले, देवाने लाज राखली.

तेवढ्यात ठेकेदार माझ्याभोवती एक फेरी मारून आला. कपाळावरचे गंध निरखले, तुळशीची माळ बोटाने हलवून पाहिली आणि दामूला विचारले, "हा म्हातारा कोनत्या फडातला रं? सोंग लई झ्याक वठवलंय! गंध, माळ, ती पोथीतली भाषा, अगदी खरा बुवा वाटतोय. फकस्त त्याला सांग, त्यो राग जरा कमी कर. तेवढाच खोटा वाटतोय."

असो. हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला शनिराया सुखी ठेवो. घरोघरी चूल पेटती राहो, ताट भरलेले राहो, आणि पाहुण्याकडे पाहताना सर्वांची दृष्टी निर्मळ राहो.