दगडाला पाठ लावून बसलेली बाई

निजामाच्या राज्यात आमचं छोटं इतिहास मंडळ लोकांना गावोगावची जुनी घरं दाखवीत असे. तलवाड्यातल्या एका घराच्या भिंतीत लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड होता. आम्ही तो पाहत असतानाच एक अंमलदार गाडी घेऊन आला. दगड हैदराबादच्या संग्रहालयात न्यायचा होता. घरधनीण ज्वारी पाखडत होती. ती सुपासकट उठली, दगडाला पाठ लावून बसली आणि पुन्हा पाखडू लागली.

"सरकारी हुकूम आहे. बाजूला हो!"

"हा आमच्या घरचा माणूस हाय, सायेब. बघाया रोज या. न्यायचाच असंल तर मला बी गाडीत घाला, अन् तितं दगडावानी माज्या बी गळ्यात नावाची चिठ्ठी बांधा."

आम्हीही तिच्याशेजारी मांडी घातली. ऊन कललं तशी गाडी रिकामीच परतली. त्या राज्यात हुकूम मोडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही हातातलं काम न थांबवता.