तारेवरची ओली साडी

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी तिथंच राहायचे. मेळघाटातल्या माझ्या भावाकडे फोन नव्हता, पण हॅम रेडिओचा बिनतारी संच आम्हा दोघांकडेही होता. रोज सकाळी सातला बोलायचं, हे ठरलेलं. त्या दिवशी त्याचा आवाज स्वच्छ येत होता, "ताई, काहून बोलून नाही राहिली?" माझा मात्र त्याला पोचेना. अँटेनाकडून ऊर्जा परत फिरतेय हे दाखवणाऱ्या मीटरचा काटा चढलेला. केबल काढली, पिन घासली, पुन्हा लावली, काटा तसाच! शेवटी गच्चीवर धावले. शेजारणीच्या ओल्या साडीच्या वजनानं अँटेनाची तार लोखंडी कठड्याला टेकलेली.

"दीदी, मैंने समझा कपड़े सुखाने का तार है।"

साडी काढून खाली आले, तोवर भावानं सेट बंद केलेला. दिवसभर मला बसवेना की जेववेना. दुसऱ्या सकाळी तो पिशवी घेऊन दारात उभा.

"जिती हायेस ना?"