आधी चालून दाखवा

लालबागच्या बाजारातली ती कोळीण मला मासे द्यायच्या आधी चालायला लावते. "बाबा, त्या नारळवाल्यापर्यंत जा नि परत या. मग बोंबील." बाजार हसतो. मी जातो. बाई तोंडाळ. भाव उतरवत नाही, आणि खारवलेला बांगडा मागितला तर कोयता दाखवते.

कारण माझी बायको. तिचा पाय घासतोय हे आम्हाला घरात कळलं नाही, या कोळणीला पाटावर बसून दिसलं. डॉक्टर म्हणाले, अंगातली काही हॉर्मोन्स मीठ धरून ठेवतात, प्रेशर चढवतात. त्याने मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जाड होतात. माणूस एकदम पडत नाही, आधी पाय घासतो, मग हळूहळू जातो. तशीच गेली ती. तेव्हापासून माझी प्रेशरची गोळी चुकत नाही आणि कोळणीची ही चालायची तपासणी चुकत नाही.

परवा मी बोंबील मागितले, एरवी कधी न चुकणाऱ्या हिने मांदेली भरली. वर माझ्यावरच ओरडली.

"बाय, तू प्रेशरची गोळी घेतेस ना?"

"मला काय धाड भरलीय? डोकं दुखलं तर घेते."

"मग ऊठ. नारळवाल्यापर्यंत चालून दाखव."

बाजार हसला. तीही हसत, लुगडं खोचत निघाली. जाताना ठीक गेली. वळताना डावा पाय घासला. तो आवाज मला ठाऊक आहे.

"टोपली झाक. दवाखान्यात चल."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक मीच आहे. चल."

पहिल्यांदाच तिने घासाघीस केली नाही. टोपली झाकली.