सावल्या राखणारा मेंढपाळ

माझा भाऊ घरातून गेला त्याला बारा वर्षं होत आली, तेव्हा काकांनी कॅलेंडर हातात घेतलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. घरातली कुठलीही तारीख आधी आपल्या तोंडून निघाली पाहिजे, असा त्यांचा बाणा. ज्याचा बारा वर्षं पत्ता लागत नाही त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, नदीवर पुतळ्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरून पुढचं सगळं करायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. केदारखेड्याचे गुरुजी त्यासाठीच टेंभुर्णीला आमच्या बैठकीत येऊन बसले होते.

"पोरीचं जमून राह्यलंय," काका म्हणाले. "पाव्हणे इचारतेत, भाऊ काय करतो. काय सांगायचं त्यायला? आहे म्हणावं का न्हाई म्हणावं?"

ती पोरगी म्हणजे मी. माझ्या लग्नासाठी भावाला जाळायचं ठरत होतं आणि मी समोर बसून पोहे खात होते.

वडिलांनी एकच विचारलं, "आन् मंग तो आला तर?"

"आला तर आनंदच," गुरुजी म्हणाले. "घागरभर तुपात न्हाऊ घालायचं, पुन्हा बारसं करायचं, नवं नाव ठेवायचं. शास्त्रात बराबर सोय आहे." त्यांनी महिन्याभराने येणारा एक दिवस काढून दिला. आई बशा उचलून आत गेली.

त्याच दुपारी मी खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. लॉकडाउनमध्ये पुण्याची नोकरी घेऊन घरी आले ती इथेच राहिले, त्यामुळे दुपारी माझं दार लोटलेलं असलं तर कोणी काही विचारत नाही. मला एक जुनं पान बघायचं होतं.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना भाऊ मला शनिवारी काळीपिवळीत कोंबून जाफराबादच्या नेट कॅफेत न्यायचा. मराठीत लिहून खेळायची एक छोटी वेबसाईट होती. एक काल्पनिक राज्य, त्यात प्रत्येकाने आपलं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून पुढची गोष्ट लिहायची. आमचं दोघांत मिळून एक पात्र होतं, सावल्या राखणारा मेंढपाळ. लोक गाव सोडून गेले की त्यांच्या सावल्या मागे राहतात, हा त्या गोळा करतो, माळावर चारतो आणि माणूस परत आला की त्याची त्याला देऊन टाकतो. भाऊ टाईप करायचा, मी शेजारी बसून फर्माईश करायचे. ज्याची सावली मेंढपाळाकडे सुखरूप आहे तो माणूस मरत नाही, हा नियम माझा. भाऊ म्हणाला होता, फार सोपं करून टाकलंस तू.

मग एके सकाळी तो कसलासा फॉर्म भरायला जालन्याला गेला आणि आला नाही. फोनचा चार्जर घरीच होता. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत कळवून झालं, देवऋषी झाले, दूरच्या गावांतले दवाखाने झाले. मला त्याचा राग होता आणि अजून आहे. त्या रागात मी ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

पासवर्ड त्याने लोखंडी कपाटाच्या दाराला आतून बॉलपेनने लिहून ठेवला होता. तो तिथेच होता. वेबसाईटही होती, ओस पडलेली. तिचा एक नियम मला आठवत होता. वर्षभर कोणी उघडलं नाही की ते पात्र 'मसणवटा' नावाच्या यादीत जायचं आणि त्याचं पान कायमचं बंद व्हायचं. मी सरळ मसणवट्यातच शोधायला गेले. आमच्याबरोबर खेळणाऱ्या सगळ्यांची पात्रं तिथे ओळीने पडली होती. राजे, चेटकिणी, एक बोलकं गाढव. आमचा मेंढपाळ त्यात नव्हता.

मी यादी दोनदा वरून खाली पाहिली. मग पासवर्ड टाकला आणि पान उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मी स्वतःला समजावलं की वेबसाईट म्हातारी झाली आहे, नियम विसरली असेल.

मग मी त्याला नव्याने लिहायला घेतलं. जुन्या मेंढपाळाला मी बारा वर्षं थकवलं. पोटापर्यंत दाढी दिली, डाव्या हाताची दोन बोटं काढून घेतली, घराचा रस्ता विसरायला लावला आणि लिंबाच्या झाडाखाली उघड्यावर निजवला. मुद्दाम केलं. भावाने कुठे बसून वाचलंच तर त्याला लागावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर दाढी गेली होती. तिथे लिहिलं होतं, 'दाढी वाढवत नाही. हनुवटीला पुरळ येतं.' बोटं परत आली होती. लिंबाखाली झोपलेल्या मेंढपाळाच्या अंगावर घोंगडी आली होती आणि पुढे एक वाक्य होतं, 'दक्षिणेला पाय करून निजत नाही.'

पुरळ यायचं भावाला. दहावीच्या सुट्टीत त्याने हौसेने दाढी ठेवली होती आणि आठवडाभर हनुवटीला दही लावून फिरला होता. हे वेबसाईटवरच्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बाहेर टळटळीत ऊन होतं, कोणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, आणि मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले. खाली टेकवायची भीती वाटत होती.

पानाच्या तळाशी टिपणांसाठी जागा असते. तिथे मी लिहिलं, 'कोण?'

संध्याकाळी उत्तर होतं, 'तूच सांग.'

मी लिहिलं, 'घर आठवतं का?'

'रोज.'

मला आनंद व्हायला हवा होता. आधी संताप आला, मग न्हाणीघरात जाऊन बादलीचा नळ पूर्ण सोडून मी रडले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं आणि तो पुन्हा निघून गेला तर, हीच धास्ती होती. रोज दुपारी मी दोन ओळी लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या सुधारलेल्या असायच्या. मेंढपाळाच्या टाचांना भेगा पडल्या असं लिहिलं तर पुढे यायचं, 'खोबरेल लावून मोजे घालतो.' उपाशी ठेवला तर त्याच्या फडक्यात भाकरी यायची. मी जे काढून घ्यायचे ते कोणीतरी गुपचूप परत ठेवायचं.

त्याच दिवसांत आई बदलली. भांडी घासताना गुणगुणायला लागली. आणि काका सामानाची यादी घेऊन आले तेव्हा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "जित्या माणसाला जाळता काय? मी नदीवर येणार न्हाई." मी लगेच तिची बाजू घेतली. तिला मी का साथ देते ते तिने विचारलं नाही आणि तिच्यात एवढं बळ कुठून आलं ते मीही विचारलं नाही.

तेव्हा वडील बोलले. पंचायत समितीत आयुष्यभर लोकांचे अर्ज पुढे सरकवलेला माणूस, घरात सहसा तोंड उघडत नाही. "दरसाल पितरपाटात मी पानं वाढतो," ते म्हणाले. "त्याचं वाढावं का न्हाई, तिथंच माझा घास अडकतो. बारा वर्षं झाली. मला एकदा काय ते बराबर सांगा. मेला म्हना, न्हाईतर आनून दाखवा."

मी लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवणारच होते. पण दाखवणार काय, तर खोबरेल आणि मोजे. म्हटलं, भावाकडून उद्या पक्कं काहीतरी काढून घेऊ, मग दाखवू. पुतळ्याला पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर बसले आणि टिपणात लिहिलं, 'एकदा समोर ये.' लिहून होतंय तोच पानाच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी आली. 'हे पान सध्या दुसरीकडेही लिहिलं जात आहे.' तो आत्ता, या क्षणी तिथे होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पट्टी गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. पट्टी परत आली.

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर आई पाटावर बसली होती, चष्मा नाकावर, मांडीवर तिचा फोन. ती अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं भरायला सरकारने फोन दिला तेव्हा तिने मराठी टाईप करायला शिकून घेतलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ती लिहीत होती. चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी तशीच मागे फिरले. मला कोणी हुशार म्हणत असेल तर त्याने माझं हे वागणं बघावं. तिशी ओलांडलेला कोणता गडी आपल्या नायकाच्या टाचांना खोबरेल लावत बसेल? दाढी, घोंगडी, भाकरी, झोपायची दिशा, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला तो दिसत राहिला. माझ्यासाठी भाऊ त्या दुपारी दुसऱ्यांदा गेला. आणि मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. आईला वाटत होतं, मी म्हणजे तो. 'तूच सांग' हे तिने त्याला विचारलं होतं. ते गुणगुणणं माझ्या दोन ओळींवर चाललं होतं.

सांगावं, तर तिचा मुलगा माझ्या तोंडून मरणार. न सांगावं, तर ती नदीवर येणार नाही आणि वडील असेच अधांतरी राहणार. मी दोन दिवस काही लिहिलं नाही. आई जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायला लागली. तिसऱ्या दिवशी मी मेंढपाळ होऊन लिहिलं, 'करू दे त्यांना. बाबांचा घास अडकलाय. पुतळा जाळल्याने मी जळत नाही.' लिहिताना मी एक पाय मुडपून खुर्चीवर घेतला होता. कॅफेत भाऊ अगदी असाच बसायचा. मी पाय झटकन खाली सोडला.

पिवळी पट्टी बराच वेळ तशीच होती. मग एकच शब्द आला, 'बरं.' संध्याकाळी आईने काकांना सांगितलं, "येते मी."

नदीकाठी सकाळी फार माणसं नव्हती. गुरुजींनी पळसाचे देठ मोजून हात केले, पाय केले, नारळ ठेवला. पुतळ्याचे पाय दक्षिणेला होते. आईने ते पाहिलं आणि पाण्याकडे तोंड केलं. वडिलांनी अग्नी देताना काकांनी त्यांचा हात धरला. आई शेवटपर्यंत रडली नाही. मला वाटलं, तिला ठाऊक आहे ना तो जिवंत आहे, ती कशाला रडेल. नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा मी एकटीच दचकले.

घरी येऊन सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या. मी केस तसेच सोडून खोलीत बसले आणि पान उघडलं. नवी ओळ आलेली होती.

'ओले केस पाठीवर घेऊन बसू नको. तुला ताप येतो.'

भावाचे केस कधी कानाखाली गेले नव्हते. मी मागे पाहिलं. माझ्या दाराच्या कडीला कोरडा पंचा अडकवलेला होता. येताना मला तो दिसलाच नव्हता.

मग एकेक करून उलगडत गेलं. वडिलांचं ते घासाचं बोलणं बैठकीत आम्हा घरच्यांपुढे झालं होतं. बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार? माझंच वाक्य मला फितूर झालं होतं. म्हणजे 'बरं' लिहिताना तिला कळलेलं होतं. तिचा मुलगा लिहीत नाही, मुलगी लिहिते, हे समजून ती नदीवर आली होती.

पंचा डोक्याला गुंडाळून मी स्वयंपाकघरात गेले. ती तांदूळ निवडत होती. बारा वर्षांत आम्ही दोघी त्याच्याबद्दल सरळ बोललो नव्हतो, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते कळेना. मला सुचलं तेच विचारलं.

"तुझा फोन सहा वर्षांखाली आला. त्याच्या आधी ते पान कसं चालू ठेवलं?"

तिचा हात थांबला. "मी फोन आल्यावरच उघडलं पहिल्यांदा. कपाटावर लिव्हलेलं होतंच. तवा त्याच्यावर तारीख दिसायची, शेवटी कधी उघडलं त्याची, आता न्हाई दिसत. चार महिन्यांआधीची."

"मग मला का नाही विचारलं?"

"तू हो म्हनली असतीस तर?" ती म्हणाली. तांदळातला एक खडा उचलून तिने बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तूच होतीस ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

माझ्या केसांना अजून धुराचा वास येत होता. बैठकीत वडील बऱ्याच वर्षांनी भिंतीला टेकून शांत झोपले होते. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडायला घेतले.

पाव्हण्यांना आता मुलीला भाऊ नाही असं सांगितलं आहे. मी मेंढपाळाला हात लावत नाही, आईही लावत नाही. पान चालू आहे. सुतकाचे दिवस संपल्यानंतर आईने पुन्हा लोणी कढवायला घेतलं, तेव्हापासून प्रत्येक वेळी एक पळी तूप ती वेगळ्या डब्यात ओतते. तो डबा वरच्या फळीवर असतो, त्यातलं कोणी घेत नाही आणि वडीलही त्याबद्दल विचारत नाहीत. परवा मी उतरवून पाहिला, अर्ध्याच्या वर आला आहे.